मुदत जवळ आली तरी सेलचा रंग का बदलत नाही?

ऑर्डरच्या एक्सेल शीटमध्ये मुदतीच्या तारखांना रंग देण्याची सोय बसवली की सुरुवातीला ती चोख चालते आणि मग हळूहळू बिघडत जाते. परवा संपलेली मुदत पांढरीच राहते, रिकाम्या ओळी लाल होतात, आणि महिनाभर अवकाश असलेला माल उद्याच पाठवायचा असल्यासारखा केशरी दिसू लागतो. मग कोणीतरी जुने कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अटीप्रमाणे सेलला रंग देणारे नियम, पुसून नवे नियम लिहितो, शीट ठीक दिसते, आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. सोलापुरातील टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांच्या शीट दुरुस्त करताना ही तक्रार माझ्यासमोर वारंवार येते. दोष बहुतेक वेळा नियमात नसतो, तो तारखेत किंवा ओळी चिकटवण्याच्या पद्धतीत असतो, आणि म्हणूनच नियम कितीही वेळा नवा लिहिला तरी तक्रार संपत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या तक्रारीकडे किरकोळ म्हणून पाहणे महागात पडते. निर्यातीच्या ऑर्डरीत लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर, माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख लिहिलेली असते आणि ती उलटली तर कागदपत्रांत विसंगती निघून बँक पैसे अडवू शकते. जी शीट अकारण लाल होते ती निदान माणसाला तपासायला तरी लावते. जी शीट गप्प बसते तिच्यावर मात्र सगळे विसंबून राहतात. त्यामुळे खाली केलेली मांडणी मुख्यतः या गप्प बसणाऱ्या सेलसाठी आहे.

उदाहरणासाठी शीटची रचना अशी धरू: ए रकान्यात पार्टीचे नाव, बी मध्ये माल, सी मध्ये नग किंवा डझन, डी मध्ये ऑर्डरची तारीख, ई मध्ये माल पाठवण्याची मुदत आणि एफ मध्ये स्थिती, म्हणजे ‘विणकाम’, ‘पॅकिंग’ किंवा ‘रवाना’. पहिली ओळ शीर्षकांची आहे आणि नोंदी दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात. या लेखातील सूत्रांत फंक्शनांची व रकान्यांची नावे आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये ते नेहमीप्रमाणे इंग्रजीत टंकावेत.

आधी तारीख खरी आहे का ते पाहावे

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक संख्या असते. १ जानेवारी १९०० या दिवसाला १ धरून पुढे मोजत गेले की १६ मे २०२६ हा दिवस ४६१५८ होतो, आणि आपल्याला पडद्यावर दिसते ते त्या संख्येला दिलेले तारखेचे रूप असते. मात्र सेलमध्ये नुसती अक्षरेही तारखेसारखी दिसू शकतात. १६.०५.२०२६ असे टिंबे देऊन लिहिण्याची आपल्या कार्यालयांत जुनी सवय आहे. एक्सेल त्याला सहसा तारीख मानत नाही, साधा मजकूर मानते. ईमेलमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या तारखांच्या मागेपुढे न दिसणारी मोकळी जागा चिकटून येते, तेव्हाही हेच घडते.

मजकूर झालेल्या तारखेचे पुढे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. मजकूर आणि संख्या यांची तुलना करण्याची वेळ आली की एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा ठरवते. त्यामुळे ‘मुदत आजपासून सात दिवसांच्या आत आहे का’ या प्रश्नाला त्या सेलकडून कायम ‘नाही’ असे उत्तर मिळते: मुदतीच्या आदल्या दिवशीही, आणि मुदत उलटून दोन महिने झाल्यावरही. यात चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही आणि सेल पांढरी राहते.

तपासणी सोपी आहे. ई रकाना निवडून त्याचे रूप घटकाभर ‘जनरल’ करावे. खऱ्या तारखा ४६ हजारांच्या घरातील संख्यांत बदलतील आणि मजकूर असलेल्या तारखा आहेत तशाच राहतील. पाहून झाले की कंट्रोल आणि झेड दाबून रूप पूर्ववत करावे. सेलमधील डावी-उजवी बाजू पाहूनही अंदाज येतो, कारण संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे टेकतो, परंतु ज्यांनी सगळा रकाना मध्यभागी आणला आहे त्यांना ही खूण मिळत नाही. नेमकेपणाने पाहायचे तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात =इझनंबर(ई२) हे सूत्र लिहून खाली ओढावे. जिथे ‘फॉल्स’ येईल ती तारीख खरी नाही.

याहून फसवा प्रकार दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीचा आहे. एखाद्या संगणकावर विंडोजची प्रादेशिक मांडणी अमेरिकन राहिलेली असेल, तर तिथे पहिला आकडा महिन्याचा धरला जातो. त्या संगणकावर कोणी ०६/०५/२०२६ असे टंकले तर आपल्या मनातील ६ मे ही तारीख ५ जून म्हणून साठते. ती खरी संख्या असते, उजवीकडे टेकते, इझनंबरच्या परीक्षेत उत्तीर्ण होते, आणि रंग एक महिना उशिरा येतो. त्याच संगणकावर १६/०५/२०२६ टंकले तर सोळावा महिना नसल्यामुळे ती तारीख मजकूर होऊन बसते. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मजकूर झालेल्या आणि १ ते १२ तारखांच्या नोंदी खऱ्या पण संशयास्पद, असे चित्र दिसले तर कारण हेच आहे. केवळ दिवस आणि महिना सारखे असलेल्या, ५ मे किंवा ६ जून अशा, तारखा यातून सुटतात.

ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते याचेही उत्तर इथेच मिळते. एकदा योग्य साठलेली तारीख दुसऱ्या संगणकावर उघडल्याने बदलत नाही. बदल होतो तो तिथे नव्याने टंकलेल्या तारखेत. हिशेबाच्या टेबलावरचा संगणक भारतीय मांडणीचा आणि पॅकिंग विभागातला अमेरिकन मांडणीचा, आणि फाइल मात्र दोघांची एकच, अशी स्थिती असेल तर एका टेबलावर दुरुस्त केलेली शीट दुसऱ्या टेबलावर रोज थोडी थोडी बिघडत राहते. त्यामुळे सूत्रांना हात लावण्यापूर्वी, ती फाइल ज्या ज्या संगणकावर उघडते तिथे विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘इंग्लिश, इंडिया’ ही मांडणी आहे का ते पाहावे. गुगल शीट्समध्ये ही मांडणी संगणकाची नसून फाइलची असते: फाइल मेनूतील सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’ करावे, आणि तिथेच टाइम झोनही भारताचा आहे ना ते पाहावे. टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला असेल तर आपल्याकडे दुपार होईपर्यंत त्या शीटच्या दृष्टीने कालचाच दिवस चालू असतो आणि सकाळी शीट पाहणाऱ्याला रंग एक दिवस मागे दिसतो.

मांडणी बदलल्याने आधीच बिघडलेल्या तारखा सुधारत नाहीत. मजकूर झालेल्या तारखा निवडून डेटा टॅबमधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडावे, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून क्रम ‘डीएमवाय’ ठेवावा आणि फिनिश करावे. न दिसणारी जागा चिकटलेली असेल तर ती ट्रिम फंक्शनने नेहमी जात नाही, कारण वेबपानावरून आलेली जागा वेगळ्या चिन्हाची, १६० क्रमांकाची, असते; तिच्यासाठी =सब्स्टिट्यूट(ई२,कॅर(१६०),"") वापरावे लागते. अदलाबदल झालेल्या तारखांसाठी =डेट(इयर(ई२),डे(ई२),मंथ(ई२)) हे सूत्र दिवस आणि महिना परत उलटवते, पण ते सगळ्या रकान्याला सरसकट लावू नये. योग्य नोंदवलेल्या तारखाही त्याने उलट्या होतील. मूळ ऑर्डरचा कागद समोर ठेवून ओळ पाहावी आणि मगच तिला सूत्र लावावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला सुरक्षित पर्याय नाही.

पुढच्या नोंदींसाठी ६-मे-२६ याप्रमाणे महिना इंग्रजी अक्षरांत टंकण्याची शिस्त लावावी. दिवस आणि महिना यांत गोंधळ होण्याचा प्रश्नच उरत नाही. शक्य असेल तिथे तारीख टंकूच नये, ती सूत्राने काढावी. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीचे ३बी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यायचे असते, तेव्हा डी रकान्यात त्या महिन्यातील कोणतीही तारीख असली तरी =ईओमंथ(डी२,०)+२० हे सूत्र मुदत बिनचूक काढते. सूत पुरवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि लेखी करार असेल, तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि करार नसेल तर १५ दिवसांत. तिथेही स्वीकाराच्या तारखेत दिवस मिळवले की पुरते.

नियम कसे लिहावेत

नियम लिहिताना बहुतेक जण लाल रंगापासून सुरुवात करतात. मी सुचवेन की पहिला नियम अविश्वासू तारखेचा असावा आणि त्याला जांभळ्यासारखा इतरत्र न वापरलेला रंग द्यावा. ए२ पासून एफ५०० पर्यंतचा भाग निवडून सूत्रावर आधारित नियम असा लिहावा:

=अँड($ए२<>"",$एफ२<>"रवाना",इफ(काउंट($डी२:$ई२)<२,ट्रू,ऑर($ई२<$डी२,$ई२>$डी२+१८०)))

पार्टीचे नाव आहे, माल अजून गेलेला नाही, आणि दोन तारखांपैकी एखादी रिकामी आहे किंवा मजकूर आहे, तर ओळ जांभळी होते. दोन्ही खऱ्या आहेत पण मुदत ऑर्डरच्या आधीची किंवा सहा महिन्यांहून लांबची आहे, तरीही जांभळी होते. अदलाबदल झालेल्या अनेक तारखा या दुसऱ्या कलमात सापडतात. काउंट केवळ संख्या मोजते, म्हणून ते इथे उपयोगी पडते. इफ मुद्दाम घातले आहे: अँड आणि ऑर आपल्या सगळ्या अटी तपासतात, त्यातली एक जरी त्रुटी देऊ लागली तरी पूर्ण सूत्र त्रुटी देते, आणि त्रुटी देणारा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम काहीच रंगवत नाही. मजकूर झालेल्या डी२ मध्ये १८० मिळवायला गेले की अशीच त्रुटी येऊ शकते. इफ मात्र पहिली अट खरी ठरली की पुढचा भाग पाहतच नाही.

त्यानंतर मुदत उलटलेल्यांसाठी लाल:

=अँड(इझनंबर($ई२),$एफ२<>"रवाना",$ई२<टुडे())

आणि येत्या पाच दिवसांसाठी केशरी:

=अँड(इझनंबर($ई२),$एफ२<>"रवाना",$ई२>=टुडे(),$ई२<=टुडे()+५)

इझनंबर नसेल तर रिकामी सेल शून्य समजली जाते, शून्य आजच्या संख्येपेक्षा लहान ठरते, आणि शीटच्या तळाच्या सगळ्या रिकाम्या ओळी लाल होतात. केशरीच्या नियमात ‘आज किंवा आजनंतर’ ही अट आवर्जून लिहिली आहे, म्हणजे लाल आणि केशरी एकमेकांवर येत नाहीत आणि नियमांचा क्रम कोणी खालीवर केला तरी त्यांचा अर्थ बदलत नाही. जांभळा मात्र सर्वांत वर ठेवावा आणि त्याच्यासमोर ‘स्टॉप इफ ट्रू’ची खूण करावी. ज्या तारखेवर भरवसा नाही तिच्यावरून लाल-केशरी ठरवण्यात अर्थ नाही.

सूत्रात डॉलरचे चिन्ह रकान्याच्या अक्षरापुढे हवे आणि ओळीच्या अंकापुढे नको. दोन्हीकडे दिले तर सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीच्या तारखेप्रमाणे रंगतात. कुठेच दिले नाही तर बी, सी, डी रकाने आपापल्या उजवीकडचे भलतेच रकाने तपासू लागतात. सूत्रातला ओळ क्रमांक आणि ‘ॲप्लाइज टू’मधील, म्हणजे नियम ज्या भागाला लागू आहे त्यातील, पहिल्या ओळीचा क्रमांक एकच असला पाहिजे. निवड दुसऱ्या ओळीपासून आणि सूत्र मात्र ई१ चे, असे झाले की प्रत्येक ओळीला वरच्या ओळीचा रंग मिळतो. हा दोष लवकर ध्यानात येत नाही, कारण रंग दिसत असतात, फक्त चुकीच्या पार्टीसमोर.

‘रवाना’ हा शब्द हाताने टंकू नये. मागे एक जागा सुटली किंवा ‘रवाना झाला’ असे लिहिले गेले तर गेलेला मालही लाल राहतो, आणि गेलेल्या मालाचे लाल पाहायची सवय झाली की खरे लालही दुर्लक्षित होते. डेटा व्हॅलिडेशनची यादी लावून शब्द निवडूनच घ्यावा.

एक्सेलमध्ये तयार मिळणारा ‘अ डेट अकरिंग’ हा पर्याय मुदतींसाठी मी वापरत नाही. त्यातला ‘नेक्स्ट वीक’ म्हणजे पुढचे सात दिवस नव्हेत, तर येत्या रविवारी सुरू होणारा आठवडा. शुक्रवारी पाहिले तर उद्याची शनिवारची मुदत त्यात येतच नाही.

ओळी चिकटवल्या की नियमांचे तुकडे होतात

तारखा निर्मळ आणि सूत्रे बरोबर असूनही शीट बिघडत असेल, तर होम टॅबमधील कंडिशनल फॉरमॅटिंगच्या ‘मॅनेज रूल्स’मध्ये जाऊन वरच्या यादीत ‘धिस वर्कशीट’ निवडावे. तीन नियम लिहिले असताना तिथे तीच तीच सूत्रे अनेकदा दिसतील आणि ‘ॲप्लाइज टू’मध्ये सलग भागाऐवजी स्वल्पविरामांनी तोडलेली लांबलचक माळ दिसेल. जुनी ओळ कॉपी करून खाली चिकटवणे, ओळ कट करून दुसरीकडे नेणे, दुसऱ्या शीटमधून नोंदी आणणे, यांतील प्रत्येक कृतीसोबत नियमही प्रवास करतात आणि मूळ भागाचे तुकडे पडत जातात. काही ओळी कोणत्याच तुकड्यात येत नाहीत आणि त्या कायम पांढऱ्या राहतात.

तुकडे जोडत बसण्यापेक्षा त्या शीटवरील सर्व नियम पुसून वरचे तीन नियम पुन्हा लिहिणे जलद होते. त्यासाठी ही सूत्रे एका वेगळ्या शीटवर मजकूर म्हणून जपून ठेवावीत. पुढे चिकटवताना ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ चिकटवावेत. नव्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबले की हेच होते. चिकटवलेल्या नोंदींवर डेटा व्हॅलिडेशन लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे: टंकताना अडवली गेली असती अशी तारीख चिकटवताना बिनबोभाट आत येते, आणि तेव्हा फक्त जांभळा नियमच ती पकडतो.

जिथे चार-पाच माणसे एकाच शीटवर काम करतात तिथे मी रंगावरच सगळा भार टाकत नाही. नोंदी कंट्रोल आणि टी दाबून टेबलमध्ये बदलाव्यात आणि जी रकान्यात ‘शिल्लक दिवस’ ठेवावेत:

=इफ(एफ२="रवाना","",इफ(इझनंबर(ई२),ई२-टुडे(),"तारीख तपासा"))

हा रकाना गाळता येतो, चढत्या क्रमाने लावता येतो आणि काळ्या-पांढऱ्या छापील कागदावरही वाचता येतो. लाल आणि हिरवा यांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांचीही सोय होते. हा रकाना ठेवला तर एक जोखीम मात्र येते: एक्सेलची गणना ‘मॅन्युअल’वर गेली असेल तर शिल्लक दिवस कालचेच राहतात. सत्रात सर्वांत आधी उघडलेली फाइल मॅन्युअलवर जतन केलेली असेल तर नंतर उघडलेल्या सगळ्या फाइलींना तीच पद्धत लागते, त्यामुळे दोष आपल्या फाइलीत शोधून सापडत नाही. फॉर्म्युलाज टॅबमधील ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ ऑटोमॅटिकवर आणावे.

सुट्ट्या धरून मागे मोजताना

पाच दिवस म्हणजे कामाचे पाच दिवस, असे विणकाम, धुलाई, शिलाई आणि पॅकिंग यांचे गणित करणाऱ्याला अभिप्रेत असते. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत सोलापुरात कामगारांची उपस्थिती घटते. तेव्हा २० जानेवारीच्या मुदतीला १५ जानेवारीला केशरी होऊन काहीच साधत नाही. यासाठी सुट्ट्यांची यादी जे२ ते जे३० मध्ये लिहावी आणि काम हातावेगळे करायला घेण्याची तारीख एच रकान्यात अशी काढावी:

=वर्कडे.इंटल(ई२,-५,११,$जे$२:$जे$३०)

यातील ११ म्हणजे फक्त रविवारची सुट्टी. सोमवारची असेल तर १२, मंगळवारची १३, याप्रमाणे शनिवारपर्यंत १७. केशरीच्या नियमातली शेवटची अट मग $एच२<=टुडे() अशी होते. सरकारी सुट्ट्यांची यादी जशीच्या तशी न घेता कारखाना प्रत्यक्षात ज्या दिवशी बंद किंवा अर्धवट चालतो तेच दिवस लिहावेत. या यादीतही एखादी तारीख मजकूर असेल तर सूत्र त्रुटी देते, म्हणून तिलाही इझनंबरची परीक्षा लावावी. एच मध्ये त्रुटी आली की केशरीचा नियम त्या ओळीसाठी गप्प होतो, हे विसरू नये.

दुरुस्ती झाली की नोंदींच्या खाली चार खोट्या ओळी टाकून पाहाव्यात. चौघींच्याही ए रकान्यात एखादे नाव आणि डी रकान्यात =टुडे()-३० लिहावे. ई रकान्यात पहिलीला =टुडे()-१, दुसरीला =टुडे(), तिसरीला =टुडे()+६० आणि चौथीला सुरुवातीस अवतरणचिन्ह देऊन '१६.०५.२०२६ असे लिहावे. पहिली लाल, दुसरी केशरी, तिसरी बिनरंगाची आणि चौथी जांभळी दिसली, आणि पहिलीची स्थिती ‘रवाना’ करताच तिचा लाल रंग गेला, तर नियम बरोबर बसले आहेत. ही परीक्षा फाइल ज्या ज्या संगणकावर उघडते त्या प्रत्येकावर एकदा घ्यावी, तिथे ६/५/२०२६ टंकून ती ६ मे म्हणूनच साठते ना तेही पाहावे, आणि मग त्या ओळी नुसत्या रिकाम्या न करता पूर्ण ओळ निवडून काढून टाकाव्यात.